तुझी दुसरी तेरवी

ताई, तुझी तेरवी आम्ही एकदा जेवलो आहोत. वरण, भात, पोळ्या, वांग्याची भाजी आणि बुंदी. तू तेव्हा चांगली ठणठणीत होतीस, लांबच्या शहरात मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकत होतीस, आणि इथं आपल्या अंगणात बाबांनी केस उतरवून तुझ्या नावाचा पिंड दिला होता. आता तू खरोखरची गेलीस, तर तीच माणसं हात धुऊन पुन्हा पंगतीला बसायला आली. मला शिसारी आली गं. अजून गेलेली नाही.

तू म्हणायचीस, 'सुमे, बोलते तशी लिहीत जा.' बोलते तसं लिहिलं तर यात नुसत्या शिव्याच येतील. म्हणून जरा पुस्तकी लिहिते. मधेच जीभ सुटली तर तुला सवय आहे.

आपल्याकडं मेलेल्या माणसाबद्दल काय लिहितात ते ठरलेलंच असतं. मनमिळाऊ, हसतमुख, सेवाभावी. तू कुठली मनमिळाऊ? हट्टी होतीस. फोनवर बोलताना कायम काहीतरी कराकरा चावत असायचीस, आणि मी रडायला लागले की 'थांब, कुकर झाला' म्हणून उठून जायचीस. काँगो देशातलं ते किन्शासा, तिथं रस्त्यावर झोपणाऱ्या पोरांसाठी मिशनचं एक घर, आणि त्या घरातली नर्स, स्वयंपाकीण आणि फौजदार सगळं तूच. एवढ्या पोरांच्या गोंधळात तुला माझं रडणं काय ऐकू येणार होतं, असा राग मी कितीदा केला असेल. तो राग आता कुणावर काढू, ते सांग.

फिलोचा फोन आला तेव्हा मी आणि माय बांधावर बसून सांबाराच्या, पुस्तकी भाषेत कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होतो. ही फिलो म्हणजे तुझ्यासोबत त्या घरात राहणारी केरळची बाई, हे मला माहीत होतं, पण तिचा आवाज कधी ऐकला नव्हता. 'सुमन दीदी? कुसुम दीदी चली गई,' एवढं म्हणाली. मग तुकड्यातुकड्यांनी कळलं. तुला मलेरिया झाला. वस्तीत दोन टोळ्यांचा गोळीबार चालू होता, रस्ते बंद होते आणि दवाखाना चौकाच्या पलीकडं. तू पडल्या पडल्या फिलोला सांगत होतीस, कोणतं औषध किती द्यायचं ते. आणि पोरांना पलंगाखाली झोपवा, गोळी खिडकीतून येते, हे. शेवटी शेवटी नुसतं तेवढंच सांगत होतीस म्हणे.

मलेरिया! अवं, तो तर आपल्या गावात दर पावसाळ्यात घरोघरी असते. त्याच्यासाठी इतकं दूर कायले गेली वं?

मायला मी सांगितलं तेव्हा तिच्या हातात जुडी होती. ती तिनं पुरी बांधली, पाणी मारलं, कॅरेटमध्ये ठेवली. मग म्हणाली, 'तिले अग्नी देला का मातीत घातलं?' मी म्हटलं, मातीत. 'बरं झालं,' माय म्हणाली. 'जागा तरी राह्यली.' आणि मग जी रडायला लागली ती दिवे लागेपर्यंत.

पहिली तेरवी मला आठवते तशी तुला मी कधी सांगितली नाही. तू विचारली नाहीस असं नाही. मी टाळलं.

तू फोनवर बाबांना सांगितलंस, मी येशूचा बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी फोन शेजाऱ्यांच्या घरी यायचा, म्हणजे गावानंच आधी ऐकलं. संध्याकाळी नारायणकाका आले. बाबांचे चुलतभाऊ, पण भावकीत शब्द त्यांचाच चालायचा. आले ते पाणीही न पिता म्हणाले, 'जितेपनी तेरवी करून टाक तिची. नाईतर बाकीच्या पोरीले कोन करीन?' बाकीची पोरगी म्हणजे मी. जातीबाहेर गेलेल्या माणसाचं असं जिवंतपणी करतात हे मला तोपर्यंत ऐकूनसुद्धा माहीत नव्हतं. बाबा वाईट नव्हते, तुलाही माहीत आहे. पण नारायणकाकांसमोर त्यांची मान वर व्हायची नाही. त्यांनी केस उतरवले, घडा फोडला, पिंड दिला. आणि ज्या लग्नासाठी तुला मारलं ते माझं लग्न पुढं कसं झालं आणि किती टिकलं, त्यावर तू आणि मी फोनवर पोट धरून हसलोय.

पण वांग्यांचं तुला सांगायचं राहिलं. त्या वर्षी तू सुट्टीवर आली होतीस तेव्हा वांग्याची रोपं तूच लावली होतीस. दोरी न धरता. 'मले नजरेनं सरळ येते' म्हणालीस आणि ओळ अशी वाकडी लावलीस की बाबा प्रत्येक पाण्याला तुझ्या नावानं कुरकुरायचे. तेरवीच्या दिवशी सकाळी मला तोडायला पाठवलं ते त्याच ओळीत. तुझ्या हातची वांगी तोडून मी टोपली भरली आणि ती तुझ्याच तेरवीच्या कढईत गेली. पंगतीत नारायणकाका बोटं चाटत म्हणाले, 'वांगे भाय चवदार हायेत. वाढ अजून.' माय वाढत होती. तिला वाढायलाच लावलं होतं.

तेव्हापासून पंगतीतली वांग्याची भाजी माझ्या नरड्याखाली उतरत नाही. घरची खाते, पण मोठ्या कढईतली समोर आली की पत्रावळ सरकवून देते. लोक म्हणतात, सुमनचे नखरे.

तुला ते कुणी कळवलं देव जाणे. आठवडा गेला असेल नसेल, तुझा फोन आला. तू पहिला प्रश्न काय विचारलास? 'बुंदी होती का?' मी म्हटलं, होती. 'मंग ठीक हाये,' म्हणालीस आणि हसलीस. केवढी हसलीस बापा. मीही हसले. मग तुझं हसणं थांबलं आणि बराच वेळ नुसता नाक शिंकरल्याचा आवाज येत राहिला. त्या दिवशी मात्र तू कुकरचं निमित्त सांगितलं नाहीस.

बाबा गेल्यावर तू आलीस. घरी येऊ दिलं नाही. नारायणकाकांचा निरोप होता, मेलेलं माणूस उंबरा ओलांडत नसते. म्हणून आपण तिघी शिरपूरच्या बसस्टँडवर भेटलो. तिथं जैनांच्या मंदिराला आलेले यात्रेकरू असतात, कोण कुठलं कुणी विचारत नाही. तुला पाहून माय दचकलीच. केस पोरासारखे कापलेले. 'उवा होतात वं, पोट्ट्यायच्या,' तू म्हणालीस. मायनं भाकर आणि वांग्याची भाजी आणली होती, ती तू उभ्या उभ्याच खायला लागलीस. मायच्या पदराच्या गाठीत वांग्याचं बी होतं, ते तू पासपोर्टच्या पिशवीत लपवलंस. ते तिकडच्या मातीत उगवलं, पोरांनी खाल्लं, एकीला आवडलं नाही. एवढं तू मला नंतर सांगितलंस.

आणि मग तुझं लक्ष मायच्या टाचेकडं गेलं. चिखलात राहून राहून भेगा पडलेल्या, एका भेगेत पू झालेला. तू फरशीवर मांडी घातलीस, मायचा पाय मांडीवर घेतलास, बाटलीतलं पाणी ओतलंस आणि कापसानं धुवायला लागलीस. वास असा सुटला की बाकावरच्या बायांनी नाकाला पदर लावले. मी तुला विचारलं, 'किळस नाई येत वं तुले?'

'येते ना,' तू मान वर न करता म्हणालीस. 'रोज येते. पयल्या महिन्यात लेकरायच्या जखमा धुवाची, अन् मांगं जाऊन ओकाची. त्यायले वाटलं, ओकनं बी औषधाचाच भाग हाये. एक पोट्टी तर माह्यासाठी बादली घेऊन उभी राहे.'

माय हसली. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली.

त्याच दिवशी आपलं भांडण झालं, जे मिटलं नाही. मी म्हटलं, पोरंच सांभाळायची होती तर वाशीमच्या स्टँडवर नाहीत का? पोहरादेवीच्या यात्रेत लोकांच्या पत्रावळ्या चाटतात ती पोरं तुला दिसली नाहीत का? त्यांच्या नाकातला शेंबूड तुझ्या येशूला चालत नाही? तिथं गोळ्या चालतात, पोरांच्या खिशात चाकू असतात, तूच सांगतेस. इतकं दूर मरायला काहून गेलीस?

तू टाचेला पट्टी बांधलीस. मग म्हणालीस, 'सुमे, इथी मी मेलेली हावो. मेलेल्या बाईच्या हातची भाकर कोन खाईन?'

'लेकरं खातील.'

'लेकरं खातीन. त्यायच्या मांगं जे उभे हायेत ना, ते खाऊ देतीन का?'

मला पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही. तू पळालीस, असं मी म्हटलं. इथल्या घाणीत हात घालायला तुझी हिंमत झाली नाही, म्हणून परक्याची घाण जवळ केलीस. तू काही बोलायच्या आत तुझी बस लागली. खिडकीतून तू हात हलवलास तो मायला. माझ्याकडं पाहून जीभ काढलीस.

पुढं फोनवर तो विषय तू काढला नाहीस, मी काढला की कुकर. पण एकदा, एस्तेर नावाची पोरगी तुझ्याकडं आली त्या वेळी, तूच बोललीस.

तिकडच्या काही घरांत असं असतं म्हणे. घरात कुणी मेलं, कुणाचं काम सुटलं, की खापर लेकरावर फोडतात. हे चेटकं आहे, यानंच खाल्लं सगळं. मग एखादा प्रार्थनावाला गाठतात, तो माइकवर ओरडून त्याच्यातलं भूत काढतो. उपाशी ठेवतात, डोळ्यांत मिरची घालतात, आणि नाहीच निघालं भूत तर रस्त्यावर. तुझ्या घरातली निम्मी पोरं अशीच आलेली. मी मिरच्यांचा तोडा टाकून तुझा फोन ऐकत होते. त्या दिवशी मला माझ्या हातांचीच घाण वाटली, ताई.

एस्तेरला तिच्या सावत्र आईनं त्या माणसाच्या ताब्यात दिलं होतं. तुला कळलं तशी तू उठून त्याच्या मंडपात गेलीस. भर प्रार्थनेत. 'रागानं मले त्यायची भाषाच सुचेना वं,' तू सांगत होतीस. 'मी सरळ वऱ्हाडीत सुरू झाली. म्हटलं, तुया मढ्यावर माती पडो, लेकराच्या डोयात मिरच्या घालतं का रे भाड्या! त्याले वाटलं, माह्या अंगात पवित्र आत्मा आला. माइक ठेवला अन् मांगं सरकला. मी पोट्टीचा हात धरला अन् निंगाली.'

मी हसून लोळले. मग मला खोडी सुचली. म्हटलं, 'तुझ्याच येशूचा माणूस ना तो?'

तू चावायचं थांबलीस. 'हो. म्हून तर त्याची सगळ्यात जास्त किळस येते. लोकायच्या घरच्या घाणीची एवढी नाई येत, सुमे.' मग म्हणालीस, 'एस्तेरची अन् माही एकच गोठ हाये. तिच्या घरच्यायनं तिले चेटकीन ठरवलं, माह्या घरच्यायनं मढं.'

तू मला तेव्हा म्हणालीस, माफ करून टाक त्यांना, मी केलं. मी म्हटलं, मी नाही करत. त्यावर मी अजून आहे तिथंच आहे. उलट चार पावलं पुढंच गेलेय, ते कसं ते ऐक.

तू गेल्याची बातमी कुणीतरी पेपरात छापली. 'वाशीम जिल्ह्याच्या कन्येचे परदेशात बलिदान.' मग लोकांच्या मोबाईलवर ती फिरली. आणि ज्या नारायणकाकांनी इतकी वर्षं तुझं नाव तोंडातून काढलं नव्हतं ते सकाळी सकाळी दारात. सोबत एक पुढारी, लोक ज्यांना भाऊ म्हणतात, येत्या निवडणुकीला उभे राहणार आहेत म्हणे. पांढरे कपडे, कपाळाला गंध. काका बाजेवर बसले आणि म्हणाले, 'आपल्या घराण्याची पोरगी नाव काढून गेली. तिची तेरवी अशी झाली पाहिजे की गावानं नाव घेतलं पाहिजे.'

'कोणाची पोरगी?' मी म्हटलं.

'आता जुनं काय उगाळून राह्यली,' काका म्हणाले. भाऊंनी मान डोलावली. मला त्यांच्या तोंडावर कॅरेट फेकून मारावंसं वाटत होतं, पण आत माय होती.

अडचण महाराजांनी काढली. तुझी पहिली तेरवी करणारे तेच महाराज, आता म्हातारे झालेत. म्हणाले, 'एकदा पिंड दिला की दिला. त्याच माणसाचं दुसऱ्यांदा करता येत नाही.' काकांचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्यांनीच तुला शास्त्रानं मारून ठेवलं होतं, आता पुन्हा मारता येईना. माझ्या पोटात आनंदाची उकळी फुटली, खोटं कशाला बोलू. पण महाराजांनीच वाट काढून दिली. म्हणाले, मेलेलं समजून क्रिया केली आणि माणूस जिवंत निघालं, तर त्याचा पुन्हा जन्म करतात. पाळण्यात घालायचं, नाव ठेवायचं. मग ते माणसांत येतं. बाहुली करा, सकाळी बारसं करा, जन्म झाला. मग त्याच बैठकीत पुढचं करून टाकू, पंगत बसायला मोकळी.

सकाळी जन्म, दुपारी मरण आणि मग बुंदी. ताई, मी बाहेर जाऊन खरंच ओकले. गोठ्याच्या मागं. बादली घेऊन उभं राहायला कुणी नव्हतं.

आत आले तर माय म्हणत होती, 'करा.'

मी मायशी जन्मात भांडले नसेन तेवढी त्या दिवशी भांडले. म्हटलं, तुला लाज नाही का वाटत? तिला या लोकांनी उंबरा ओलांडू दिला नाही आणि तू त्यांना पुन्हा जेवायला घालतेस? माय म्हणाली, 'मले तिले पायन्यात घालाचं हाये.' मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

मग फ्लेक्स लागला. आपल्या फाट्यावर, केनवडच्या बाजाराला जाताना दिसेल असा. वर भाऊंचा हात जोडलेला मोठा फोटो, खाली काकांचा आणि भावकीतल्या पोरांचे, आणि मधे तू. फोटो मिशनच्या पत्रकातला. मूळ फोटोत तुझ्या काखेत एस्तेर आहे, आंघोळीच्या आधीची, नाकाखाली शेंबूड. त्या फोटोवरून तू मिशनवाल्यांशी भांडली होतीस, लेकराला आधी धुऊ द्या, मग काढा, म्हणून. त्यांना मळकंच लेकरू पाहिजे होतं. आणि आपल्या लोकांना लेकरूच नको होतं. फ्लेक्सवाल्यानं एस्तेरला कापून टाकलं. तुझ्या गळ्यातला क्रॉस पुसला. कपाळावर टिकली लावली. एवढं सगळं नीट केलं आणि एक विसरला. तुझ्या खांद्यावर एस्तेरची चार बोटं तशीच राहिली.

बाजाराच्या दिवशी माय टेम्पोतून उतरून त्या फ्लेक्ससमोर उभी राहिली. तिला वाचता येत नाही. बघत राहिली, बघत राहिली आणि म्हणाली, 'हे बोटं कोनाचे हायेत वं?'

मी तिला एस्तेरची सगळी गोष्ट सांगितली, मिरचीपासून मंडपापर्यंत. आधी सांगितली नव्हती, तिला झोप लागली नसती म्हणून. माय ऐकत वांग्याच्या कॅरेटवर बसून राहिली. तुझी वऱ्हाडी शिवी ऐकून हसली नाही. 'त्यायनं बी जित्या लेकराले मारलं,' एवढंच म्हणाली आणि उठून टेम्पोत चढली.

तेरवीच्या दिवशी अंगणात मंडप होता. चुली पेटलेल्या, भावकीतली पोरं कढया चढवत होती. वांगी आपल्याच वाडीतली, विचारायचीही तसदी न घेता तोडून आणलेली. कुणाचा तरी पाळणा आणला होता. महाराजांनी कणकेची बाहुली करायला सांगितली होती, मायनं केली नाही. तिनं आपल्या जुन्या लुगड्याची केली, आत कापूस भरून, आणि तिला टोपडंसुद्धा घातलं. बायांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली आणि लाजून थांबल्या. मग मायनं एकटीनं म्हटला. तिच्या फाटक्या आवाजात, सगळा, एकही कडवं न गाळता. काकांचं दोनदा घड्याळ बघून झालं. भाऊ भाषणासाठी घसा साफ करत होते. आत्या उरली नाही, म्हणून कानात नाव मी सांगितलं. कापडाच्या कानात. कुसुम.

'झालं,' महाराज म्हणाले. 'आता तिला खाली घ्या, पुढचं करू.'

मायनं बाहुली पाळण्यातून उचलली, खांद्याशी धरली आणि वरून पदर घेतला.

'वहिनी, द्या इकडे,' काका म्हणाले.

'कायले?'

'पुढचं कराचं ना.'

'पुढचं काय भाऊजी?'

काकांना तो शब्द उच्चारावा लागला. 'तेरवी वं.'

'आत्ता तर जन्मली,' माय म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. 'मांगच्या खेपेले तुमी म्हनले, मेली. मी आयकलं, वाढलं बी. आता तुमीच म्हनले, जन्मली. हे बी आयकलं. आता नाई मारू देत मी तिले.'

चुलीवर भाजी रटरटत होती. काका म्हणाले, 'अवं वहिनी, सयपाक झाला, लोकं बसून राह्यले...'

'घरात सोयर हाये,' माय म्हणाली. 'बायंतिनीच्या घरी कोनी जेवते का भाऊजी? इटाय होते.'

काकांनी महाराजांकडं पाहिलं. महाराजांनी आपल्या पायाच्या अंगठ्याकडं पाहिलं. जन्म त्यांनीच केला होता, मग जन्माचा विटाळही त्यांनाच मानावा लागणार. एकेक माणूस उठायला लागलं. भाऊंची गाडी भाषणाशिवाय वळली. काका सगळ्यात शेवटी गेले, आणि जाताना त्यांनी कढईकडं पाहिलं ते मी पाहिलं. किती घाणेरडं हसू आलं मला, ताई. तू असतीस तर मला चिमटा काढला असतास.

मायनं मला हाक मारली. 'टेम्पो काढ. वाशीमच्या स्टँडवर लेकरं असतात म्हनत होती ना तू?'

मी कढया लादल्या. स्टँडच्या मागच्या भिंतीला ती पोरं असतात, तुला सांगायचे तशीच. एकाच्या पायाला चिंधी, चिंधीवर माश्या. वाढताना मला उमळून आलं. मी तोंड फिरवलं, गिळलं, पुन्हा वाढायला लागले. तुझ्यासारखं हसत वगैरे नाही. तोंड वाकडं करूनच. मला हे रोज जमेल असं मी मायलाही सांगितलेलं नाही आणि तुलाही सांगत नाही.

एक पोरगी होती, केसांचा गुंता झालेली. बुंदी तोंडात कोंबून म्हणाली, 'कायचं जेवन हाये हे?'

'बारशाचं.'

'कोनाचं?'

'माह्या बहिनीचं.'

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझे पिकलेले केस, मायच्या पदराखालची बाहुली. 'कवा झाली?'

'आज सकाळी,' मी म्हटलं.

तिला ते पटलं. तिनं भाजीची पत्रावळ माझ्यासमोर सरकवली. 'मंग तुमी बी जेवा ना.' मी बसले, ताई. मोठ्या कढईतली होती. खाल्ली.